वरचे दोन दात

माझ्या मुलीला कॉर्नेट शिकायचं आहे हे आम्हाला कळलं तेव्हा ती साडेपाच वर्षांची होती आणि जूनमध्ये पहिलीत जायची होती. जाफराबादला नात्यातलं लग्न होतं. नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन मंडपाकडे निघाला, पुढे बँड लागला, आणि घरातली सगळी मुलं नवरदेवाच्या घोड्यापुढे नाचायला गेली. ही गेली नाही. कॉर्नेट वाजवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांच्या शेजारून ती मंडपापर्यंत चालत राहिली. मंडपात बँडवाल्यांची पंगत बसली, तेव्हा ती त्यांच्यासमोर जाऊन बसली. तिनं त्यांना काय विचारलं ते मी ऐकलं नाही. त्यांनी काय सांगितलं ते तिनं गावाकडे परत येताना जीपमध्ये सांगितलं: "पप्पांना घेऊन ये."

पुढच्या रविवारी आम्ही गेलो. बस स्टँडच्या मागे मास्तरांचं एका खोलीचं दुकान आहे. लग्नसराई नसली की तिथे ते कुकर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करतात. कॉर्नेट कापडी पिशवीत घालून खुंटीला टांगलेलं होतं. ते ट्रम्पेटसारखंच वाद्य, पण आखूड आणि अंगानं गोळा झालेलं, त्यामुळे लहान हाताला पेलतं. मास्तरांनी मुलीची बोटं पाहिली नाहीत, तिला गाता येतं का हेही विचारलं नाही.

"तोंड उघड, माय," ते म्हणाले.

तिनं उघडलं. त्यांनी आत पाहिलं, मान हलवली आणि मला म्हणाले, "पुढचे दोन दात नवे आले की आणा. तवर न्हाई."

मी तीन प्रश्न विचारले. आठवड्यातून किती दिवस यावं लागेल, एका वेळी किती वेळ, आणि एवढ्या लहान छातीला हे झेपेल का. तिन्हींची उत्तरं त्यांनी दिली. कोणते दोन दात, हे मी विचारलं नाही. बातमीदारीवर माझं वीस वर्षं पोट भरलं, आणि त्या कामात 'कोणते' हा पहिला प्रश्न असतो.

घरी आल्यावर ही बाब माझ्या वडिलांनी स्वतःकडे घेतली. ते शेती करतात. आता दावणीला बैल नाहीत, नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरनं होते. पण पंचक्रोशीत कुणाला बैलजोडी घ्यायची असली की बाजाराला जाताना आजही त्यांना बरोबर नेतात, ते दात पाहायला. बैलाचं वय त्याच्या दातांवरून कळतं. दुधाचे दात आहेत तोवर तो आदत. त्यातले मधले दोन पडून रुंद असे दोन नवे आले की तो दोन दाती झाला, आणि मगच त्याच्या मानेवर जू ठेवायचं. त्याआधी ठेवलं तर खांदा बिघडतो आणि बिघडलेला खांदा जन्मभर नीट होत नाही, असं वडील सांगतात. त्यामुळे मास्तरांचा नियम त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

"शहाणा माणूस हे," ते म्हणाले. "लोक लेकराला बोलता आलं न आलं की कलासला घालतेत. ह्यानं दात पाह्यले."

त्यानंतर दर रविवारी आंघोळ झाली की ते नातीला ओट्यावर उजेडात उभं करायचे आणि अंगठ्यानं खालचा ओठ खाली ओढून पाहायचे. तीही सवयीनं हनुवटी वर करायची. एकदा माझी चुलती हे पाहत उभी राहिली.

"लेकीला बँडात धाडून राह्यले म्हणं," ती म्हणाली. "आता आपल्या घरच्या पोरी दुसऱ्याच्या वरातीपुढं चालणार का?"

"तू तुझ्या पोराला मोबाईल दिला," वडील म्हणाले. "तो कुणापुढं चालतो ते तरी कळतं का तुला?"

चुलतीचं बोलणं निव्वळ टोमणा नव्हता. आमच्याकडे बँड बोलावला जातो. आपल्या घरचं कुणी बँडात वाजवतं, असं गावात आमच्या भावकीत झालेलं नव्हतं. पण वडिलांनी त्यावर पुढे चर्चा होऊ दिली नाही.

सहा वर्षं पूर्ण झाल्यावर चारएक महिन्यांनी तिचा खालचा एक दात पडला, मग दुसरा. दोन्ही जागी नवे आले, जरा वाकडे, कडा करवतीसारख्या. पोळा होऊन आठ दिवस झाले होते, तेव्हा वडिलांनी निकाल दिला की काम झालं. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं. मुलीला तिच्या आईनं दोन वेण्या घातल्या. आम्ही तिघं जाफराबादला गेलो.

मास्तर कुकरच्या झाकणाचं रबर बसवत होते.

"घ्या मास्तर," वडील म्हणाले. "दोन दाती झाली."

मास्तरांनी वर पाहिलं. "पाटील, पोरगी आणली का कालवड?"

"अगुदर तोंड तर पाहा."

मास्तरांनी हात पुसले, मुलीला दाराच्या उजेडात घेतलं आणि बोटानं तिचा वरचा ओठ उचलला. "हे तर दुधाचेच हेत."

"खाली पाहा की."

"खालच्याला काय करू? वरचे पाह्यजेत."

"वरचे?" वडील म्हणाले. "वर असतेत का दात?"

मास्तर वडिलांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"तुम्हाला हेत का वर?" त्यांनी विचारलं.

"मला हेत," वडील म्हणाले, आणि तिथेच त्यांच्या लक्षात आलं.

बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. तिथे नुसती कडक हिरडी असते, खालचे दात तिच्यावर टेकतात. पन्नास वर्षं वडिलांनी तोंडं उघडून खाली पाहिलं होतं, आणि त्यांच्या कामात तेच बरोबर होतं. नातीच्या बाबतीतही त्यांनी दर रविवारी काळजीपूर्वक खालीच पाहिलं.

मास्तर हसायला लागले. हसताना त्यांनी तोंडापुढे हात धरला. मुलीला काही कळेना.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काही न्हाई, माय. पोळा होऊन गेला तरी तुझ्या आज्यानं तुला उभी केली."

मग त्यांनी कॉर्नेट पिशवीतून काढलं, त्याची तोंडाकडची वाटी, जिला बँडवाले माउथपीस म्हणतात, ती सोडवली आणि आमच्यापुढे धरली. ही वाटी ओठांवर बसते, ते म्हणाले, आणि तिचा भार ओठामागच्या दातांवर जातो. वरचे दात दुधाचे असतील तर ते आज ना उद्या हलणार, पडणार. पडले की महिनोन् महिने तिथे खिंडार. ओठ ज्या भिंतीला टेकून शिकला ती भिंतच गेली तर त्याला सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं, आणि पहिलं शिकलेलं विसरणं जास्त अवघड असतं. खालच्या दातांचं काम आहे, पण थोडं. म्हणून वरचे दोन, पूर्ण आलेले. साधारण आठव्या वर्षी. कुणाचे आधी येतात, कुणाचे नंतर.

"मंग तोवर घरीच ठिवू?" वडिलांनी विचारलं. त्यांचा आवाज उतरला होता.

"तेच सांगून राह्यलो. टाइम कमी हे." मास्तरांनी तोंडावरचा हात काढला आणि जिभेनं आपला वरचा एक दात आतून ढकलला. तो दाराच्या सैल कडीसारखा पुढे आला. "माझेबी आता चालले. डाक्टर म्हणला वरची सगळी ओळ काढा. मी म्हणलं, येवढी लग्नसराई होऊ द्या. मंग कवळी बसवतेत. कवळीनं भाकर खाता येती, फुंकता येत न्हाई."

मुलीनं विचारलं, "मंग मला कोण शिकवीन?"

"तुझे आधी आले तर मी. माझे आधी गेले तर जालन्याला एक जण हे, चांगला हे, त्याच्याकडं जाय. मी दाखवल्याबिगर शिकवत न्हाई. माझ्या वस्तादानं बी मला बोलून काही शिकवलं न्हाई. त्यानं वाजवायचं, मी वाजवायचं."

मुलगी म्हणाली, "मला तुमच्याकडंच शिकायचं." हे ती मोठ्यानं म्हणाली नाही. नंतरचं एक वर्ष ते तिनं पुन्हा सांगितलंही नाही, कारण त्याची गरज पडली नाही. कुणी आरशासमोरून गेलं की ती तिथे दिसायची, वरचे दात एकेक करून हलवून पाहत.

निघण्याआधी मास्तरांनी तिला काम दिलं. वर्तमानपत्राच्या कागदाची तळहाताएवढा चौकोन फाडून त्यांनी तो भिंतीला लावला आणि तिला म्हणाले, "हात न लावता धरून ठिव." तिला कळलं नाही. त्यांनी स्वतः भिंतीपासून वीतभर अंतरावर तोंड नेऊन फुंकर घातली. कागद भिंतीला चिकटून राहिला. दहापर्यंत मोजून होईतो तो खाली पडला नाही. "आधी वारा, मंग बाजा," ते म्हणाले. म्हणजे वाद्य केव्हा सुरू करायचं हा एक प्रश्न होता आणि शिकणं केव्हा सुरू करायचं हा दुसरा, आणि दुसऱ्याचं उत्तर त्याच दुपारी मिळालं होतं.

त्यानंतर एक रविवार सोडून एक आम्ही जात होतो. वाद्याला हात न लावता शिकायच्या गोष्टी बऱ्याच निघाल्या. ओठ मिटून, कोपरे घट्ट ठेवून त्यांतून फर्रर असा आवाज काढायचा. घोडा काढतो तसा सैल नाही, भुंग्यासारखा बारीक. श्वास पोटात घ्यायचा, खांदे उचलायचे नाहीत. मास्तर तिच्या खांद्यावर कुकरची शिट्टी ठेवायचे आणि श्वास घेताना ती पडली तर पुन्हा. जे वाजवायचं ते आधी गळ्यानं म्हणायचं. चालता चालता टाळी धरायची. हे सगळं मिळून पंधरा मिनिटं. त्यापुढे ते बसू देत नसत. घरी रोज कागद भिंतीला लागायचा. दिवाळीपर्यंत तिची मोजणी बारावर गेली आणि बैठकीच्या भिंतीवर एका जागी शाईचा करडा डाग पडला.

जवळपास ज्या लग्नांत मास्तर वाजवत असत, त्यांपैकी शक्य तिथे ती जायला लागली. नाचायला नाही, जेवायलाही नाही. ती त्यांच्या तोंडाकडे पाहत उभी राहायची.

वडिलांची घाई वेगळीच होती. त्यांना दात पाडायचे होते. थंडीत त्यांनी उसाची मोळी आणली आणि नातीला पुढच्या दातांनी सोलायला लावलं. मास्तरांच्या कानावर हे गेलं.

"कच्चा दात ओढू नका, पाटील," ते म्हणाले. "मागचा आला की तोच पुढच्याला ढकलतो. तुम्ही बिलकुल मधी पडू नका."

"मी कुठं ओढतो? ऊस खाऊ घालतो."

"मंग तुम्ही बी खा."

दोन आठवडे ऊस झाला. दात हलला तेवढाच राहिला. मग एके दिवशी शाळेत दुपारच्या खिचडीत तो आपोआप निघाला आणि तिनं तो वहीच्या कागदात बांधून घरी आणला. दुसरा संक्रांतीनंतर पडला. मोठं खिंडार झालं. बोलताना 'स' शिट्टी वाजवत बाहेर यायचा, आणि भिंतीवरचा कागद आठावर यायला लागला. मास्तर म्हणाले, येऊ द्या, वारा कुठं जात न्हाई.

लग्नसराई सुरू झाली तेव्हा तिचा एक नवा दात हिरडीबाहेर दिसत होता, तांदळाच्या कणीएवढा. मास्तरांचे वरचे चार शिल्लक होते. मे महिन्यात मंठ्याकडच्या एका लग्नात त्यातला एक गेला. मी तिथे नव्हतो. त्यांच्याबरोबर ढोल वाजवणाऱ्यानं नंतर सांगितलं की मिरवणूक मंडपाशी पोचेपर्यंत ते थांबले नाहीत, मग बाजूला जाऊन चूळ भरली आणि दात रुमालात बांधला. त्यानंतरच्या लग्नांत त्यांनी कॉर्नेट हाती घेतलं, पण बरेचसे तुकडे दुसऱ्याला वाजवू दिले.

शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मुलीचा एक दात तेव्हा पूर्ण आला होता, दुसरा अर्धा.

"काल सगळे काढले," ते म्हणाले. शब्द नीट फुटत नव्हते. "पोरीला जालन्याला टाका. मी त्याला बोललो हे."

मी जालन्याच्या माणसाची चौकशी केली. तो चांगला वाजवत होता, शनिवारी मुलांना शिकवत होता, घाई करत नव्हता. त्याच्याविरुद्ध सांगण्यासारखं काही मिळालं नाही. संध्याकाळी मी हे मुलीला सांगितलं. ती रडली नाही. तिनं विचारलं, "मास्तरांना ऐकू येतं ना?"

येतं, असं मी म्हणालो.

"मंग?"

दुसऱ्या दिवशी मी तो प्रश्न होता तसा मास्तरांना फोनवर सांगितला.

"दुसरा दात पुरा आला की आणा एकदा," ते म्हणाले. "पाहू. वादा काही करत न्हाई."

दुसरा दात पूर्ण यायला दिवाळीची सुट्टी लागली. तिला आठवं पूर्ण व्हायला तेव्हा थोडे दिवस बाकी होते. वडील बरोबर आले. यावेळी त्यांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं, मास्तरच पाहतील असं म्हणाले.

मास्तरांची कवळी डबीत होती. ओठ आत गेले होते आणि चेहरा आखूड दिसत होता. त्यांनी ओठ उचलून दोन्ही दात पाहिले, नखानं हलवून पाहिले, आणि माउथपीस कोमट पाण्यात धुऊन तिच्या हातात दिलं. नुसतं माउथपीस, कॉर्नेट नाही.

"लाव," ते म्हणाले.

तिनं ते तोंडाला लावलं, मधोमध नाही, डाव्या कोपऱ्याकडे, मान किंचित उजवीकडे वळवून.

"तिकडं कशाला गेली?"

"तुम्ही असंच धरता."

मास्तर उठले आणि आतल्या बाजूला जाऊन पाणी पिऊन आले. मग त्यांनी जे सांगितलं ते आम्हाला माहीत नव्हतं. त्यांच्या वस्तादाचा एक माणूस ऐन लग्नांच्या दिवसांत कमी पडला होता, आणि सहा वर्षांच्या पोराला, म्हणजे मास्तरांना, त्याच्या जागी उभं केलं. दुधाच्या दातांवर. पुढे नवा दात आला तो आडवा आला. वाटी मधे बसेना, म्हणून ती डावीकडे सरकली आणि पंचावन्न वर्षं तिथेच राहिली.

"लोकांना वाटतं ती माझी अदा हे," ते म्हणाले. "मी तीन पोरं शिकवली. तिघंबी डाव्या बाजूनं वाजवतेत. त्यांचे दात सरळ होते."

"जोडीतला एक बैल तिरपा चालला की दुसराबी तसाच शिकतो," वडील म्हणाले.

"पाटील, बैल राहू द्या आता."

मास्तरांनी दोन बोटांनी माउथपीस धरून मुलीच्या ओठांच्या मधोमध आणलं. वाटीचे दोन भाग वरच्या ओठावर, एक भाग खालच्या. ओठांच्या कोपऱ्यांवर त्यांनी दोन्ही हातांची तर्जनी टेकवली. "हे हलू देऊ नको. मी म्हणतो तेवढा सूर काढ." आणि त्यांनी बिनदातांच्या तोंडानं एक सूर धरला. तो थोडा फुटका होता, पण जागेवर होता. तिनं फुंकलं. पहिल्यांदा हवा गेली. दुसऱ्यांदा भुंगा निघाला, त्यांच्या सुराच्या खाली. त्यांनी हात वर केला, ती वर आली. दोन्ही आवाज एकमेकांवर बसले तेव्हा त्यांनी आपला बंद केला, आणि तिचा चालू राहिला.

मग त्यांनी कॉर्नेटला माउथपीस बसवलं. तिला खुर्चीवर ताठ बसवलं, उजव्या कोपराखाली उशी दिली. पहिला सूर फाटला. दुसरा अर्ध्यात गेला. तिसरा आला, आणि रस्त्यावरून जाणारा एक माणूस दारातून आत डोकावून गेला. मास्तर तिच्याकडे पाहत नव्हते. जमिनीकडे पाहून ऐकत होते.

"काढ तोंडापासून," ते म्हणाले आणि तिच्या ओठावर उमटलेला गोल वळ पाहिला. "दाबून राह्यली. वारा कमी पडला की माणूस दाबतो. कागद भिंतीला धरती तेवढाच वारा दे, हात ढिला ठिव."

तिनं हात ढिला ठेवला. सूर बारीक झाला, पण तुटला नाही.

"बराबर," मास्तर म्हणाले.

दहा मिनिटं झाल्यावर त्यांनी कॉर्नेट काढून घेतलं. तिला आणखी वाजवायचं होतं. ओठ थकल्यावर वाजवलं तर तो खोटं शिकतो, ते म्हणाले, आणि वाद्य पिशवीत घातलं.

"जालन्याला कधी टाकायचं मग?" मी विचारलं.

"दोन वर्सांनी. बोटं जल्दी चालवायची वेळ येईन तवा. ते त्याला चांगलं येतं." त्यांनी डबीतून कवळी काढली आणि पाठ करून ती बसवली. "बुधवारी आणा. जेवू घालून आणू नका, पोट भरलं की वारा बसत न्हाई."

"दूध चालतं का?" वडिलांनी विचारलं.

"अर्धा पेला," मास्तर म्हणाले.